कंदिलाची जुनी वाट

६ फेब्रुवारी

धाकट्या,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं, ते खोडलं. एक्केचाळीस वर्षं ज्याने साधी विचारपूस केली नाही, त्याने एकदम आशीर्वाद वाटायला निघावं, हे त्या दोन शब्दांनाही बरं वाटलं नसतं.

तुझा पत्ता तुझ्या वहिनीच्या शिवणाच्या डब्यात सापडला. ती गेली त्याला आता तीन वर्षं होतील. बटणांच्या खाली तुझी सतरा पत्रं होती. मला कधी बोलली नाही. मी ती वाचली नाहीत, फक्त पाकिटावरचा पत्ता उतरवून घेतला. (एक वाचलं. त्यात माझा उल्लेखही नव्हता.)

लिहायला कारण घडलं म्हणून लिहितो आहे. 'कंदील' सापडला.

हो, तूच रचलेला. तुला ठाऊक नसेल, पण निवृत्तीनंतर मला एक नाद लागला आहे. टीव्हीला जोडायच्या त्या जुन्या संगणकांचे कॅसेटवरचे खेळ मी जमवतो. तीनशे बारा झाले. पुस्तकांना कपाटात जागा उरली नाही, शाळेतली कवितांची पुस्तकंसुद्धा पलंगाखाली गेली. परवा एका निवृत्त शिक्षकाच्या घरची आवराआवर होती, तिथून चाळीस कॅसेटींचं खोकं उचललं. वरून सत्ताविसावी. लेबलावर मधलीचं अक्षर. 'कंदील' लिहून अनुस्वाराच्या जागी तिने इवलीशी ज्योत काढली आहे. शाई तपकिरी झाली, ज्योत तशीच आहे.

आपली बहीण या पृथ्वीवर अजून एवढ्या अर्ध्या इंचात शिल्लक आहे असं वाटलं, आणि मी त्या घरच्यांच्या बैठकीत जरा वेळ बसून राहिलो. त्यांनी पाणी दिलं.

एक विचारायचं होतं. कॅसेट वाजवताना टेपचा आवाज किती ठेवायचास? तू चाकावर पांढरा ठिपका लावला होतास एवढं आठवतं. तो टेप माझ्याकडे आहे, ठिपका गेला आहे.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

थोरला


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर आलं नाही, येईल असं धरूनही चाललो नव्हतो. आवाजाचं गणित आमच्या टेप दुरुस्त करणाऱ्या बाईंनी सोडवलं. "आजोबा, कानाला टोचेल त्याच्या एक पाऊल अलीकडे," म्हणाल्या. चार मिनिटं ती किंचाळी चालली आणि मग पडद्यावर तो आला, तुझा ठेंगणा माणूस, हातात कंदील धरलेला. खाली तुझा तोच प्रश्न.

नवी वाट की जुनी?

मी खुर्ची पुढे ओढली आणि एकदम त्या शेडचा वास आला. साबणाचा. आपल्याआधी तिथे लाँड्री होती ना. भिंतीत हुक होते, कोपऱ्यात कपड्यांच्या लाकडी चिमट्यांची बादली, ती आपण कधी फेकलीच नाही. तिघांचा कारखाना आणि चौथे लेथवाले काका. संगणकाच्या चिपा बनवताना काचेवरची नक्षी आणि सिलिकॉनची चकती एकमेकींवर केसाच्या शंभराव्या भागाइतकी नेमकी बसवणारं यंत्र आपण लाँड्रीत करत होतो, हे आज कोणाला सांगितलं तर हसतात. आपल्याच कंपनीतली आताची पोरं तर धूळ नको म्हणून पायांतही टोप्या घालतात.

किती जपायचो आपण त्या यंत्राला! बाहेर रस्त्यावर ट्रक गेला तरी नक्षी चुकायची. म्हणून त्याचा टेबल नायट्रोजनच्या पातळ थरावर तरंगत ठेवायचा. त्या वायूला वास नाही, रंग नाही. तो टेबलाखालून सतत खोलीत झिरपायचा आणि छतावरचा पंखा तो ओढून बाहेर टाकायचा. पंखा बंद, तर खोलीत वायू साठणार आणि श्वासापुरतीही हवा राहणार नाही. पण पंखा चालू, तर त्याच्या थरथरीने टेबल हलणार. म्हणून मोजमापापुरता पाच मिनिटं तो बंद करायचा, आणि जो बंद करील त्याने बादलीतला लाल चिमटा बाहेरच्या दारावर लावायचा. मधलीचा नियम. दारावर लाल चिमटा असला की आत पाऊल ठेवायचं नाही.

आणि तू काय केलंस, तर जमिनीचा थरकाप मोजणारा तो डबा संगणकाला जोडून त्याचा खेळ केलास. खोली हलली की कंदिलाची ज्योत हलते, फार हलली की विझते आणि माणूस अंधारात हरवतो. जिंकायचं तर श्वास रोखून बसायचं. जगात दुसरा कुठला खेळ असेल का, जो न हलता खेळायचा! निश्चळपणा हेच आपलं दैवत होतं तेव्हा.

ज्योत बघून कोण चालतंय ते कळायचं, आठवतं? काका म्हणजे पोती टाकल्यासारखे. तू म्हणजे सतत धावपळ. मधली आधी दाराच्या चौकटीवर बोटांनी दोनदा टकटक करायची, आत कोणी असो नसो. "यंत्राला सांगून जावं," म्हणायची. मग बारीक बारीक जवळची पावलं, तिच्या अक्षरासारखी.

आणि मी. गुरुजींनी शाळेत पाय आपटायला लावून वृत्तं शिकवली, ती माझ्या पायांतून गेलीच नाहीत. भुजंगप्रयात. एक आखूड, दोन लांब, एक आखूड, दोन लांब. माझी स्वतःची एक ओळ होती, तीच घोळवत हिंडायचो:

दिवा हा कुणाचा, निघाला कुठे हा

"साप आला," मधली पडद्याकडे बघत म्हणायची, मान न वळवता.

"साप नाही, कवी आला."

"एकच. दोघंही कुठून आत शिरतील सांगता येत नाही."

काका लेथवरून हसायचे आणि तू म्हणायचास, "दादा, जरा गद्यात चाल ना, रीडिंग बिघडतंय."

तो थरकापाचा डबा माझ्याकडे आहे. जोडला. 'नवी वाट' निवडली. दुपारचे तीन वाजले होते, घरात मी एकटा, खिडक्या बंद. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. ज्योत सरळ होती, रेघेसारखी.

मग ती दोनदा उडाली. थोड्या अंतराने, दोनदा.

दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. पाण्याच्या पाइपात हवा अडकली असेल. जुनी इमारत आहे.

थोरला


२ मार्च

धाकट्या,

आज 'जुनी वाट' निवडली, म्हणजे आत्ताची खोली नाही, टेपवर नोंदलेली.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला काय आहे ते तुला ठाऊकच आहे. पंख्याचं बेअरिंग झिजत चाललंय हे मला पटवायला तू त्या दिवशी बारापासून, टेप अगदी मंद चालवून, थरकापाची नोंद लावून ठेवली होतीस. चौकशीत तू तेच सांगत होतास, की टेप चालू होती, ती लावून बघा. टेप सापडली नव्हती.

सव्वादोन तास मी हललो नाही. खेळातला माणूस आपोआप चालतो, फक्त ज्योत त्या दिवशीची असते.

सुरुवातीला ती बारीक थरथरते. तो पंखा. मग धावती पावलं, दूर दूर जाणारी. तो तू, जेवायला निघालेला. पंखा मागे चालूच आहे. चौकशीत तू हेच म्हणाला होतास, 'पंखा चालू ठेवून गेलो होतो.' ते खरं होतं, धाकट्या. डोळ्यांनी पाहिलं.

बारा चाळीसला कोणीतरी आत येतं. स्विचच्या भिंतीपाशी थांबतं. थरथर थांबते आणि ज्योत एकदम सरळ होते. बघणाऱ्याला किती सुंदर वाटेल, इतकी सरळ. ते कोणीतरी बराच वेळ उभं राहतं. मग जातं.

पुढे दीड तास काही नाही.

दोन दहाला टकटक. दोनदा.

बारीक पावलं. टेबलापर्यंत चौदा. मग एक मोठा झोका, ज्योत पडद्याच्या काठाला लागते, विझत मात्र नाही. आणि परत सरळ. तिच्यावर आता कशाचाही परिणाम होत नाही. कोपऱ्यात आकडे वाढत राहतात, कारण न हलण्याचे गुण असतात ना तुझ्या खेळात. इतके गुण आपल्यापैकी कोणीच कधी मिळवले नव्हते.

मी तिथेच बंद केलं.

बारा चाळीसला आलेली चाल कोणाची ते नीट ओळखू येत नाही. टेप जुनी आहे.

थोरला


३ मार्च

धाकट्या,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि परत घरी येईपर्यंतही दम निघाला नाही.

टेप अगदी स्वच्छ आहे. एक आखूड, दोन लांब. दारापासून भिंतीपर्यंत पूर्ण दोन ओळी बसतात. परत जाताना दीडच, शेवटी पावलं वृत्त सोडून पळतात.

तो फोन होता. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या गिऱ्हाइकाचा. तू म्हणाला होतास, आधी बेअरिंग बदल, मग गिऱ्हाईक बोलाव. मला धीर नव्हता. पंख्याशिवाय आपलं यंत्र किती स्थिर उभं राहतं ते फक्त एकदा बघायचं होतं, पाच मिनिटं. पंखा बंद केला. ज्योत सरळ झाली आणि मला ओळी सुचायला लागल्या. लाल चिमटा हातात होता. कागदावर लिहायला हात मोकळा हवा म्हणून तो मी शर्टाच्या कॉलरला लावला. ऑफिसात फोन वाजला. मी धावलो. गिऱ्हाईक 'येतो' म्हणालं, मी आनंदाने टेबलावर ठेका धरला, पत्रं टाइप केली, जेवलो. दारावर काहीच नव्हतं, म्हणून मधली आत गेली.

पंख्याचा आवाज छतावर राहायचा, खाली ऐकू यायचा नाही. ती नियमानेच गेली, टकटक करून.

संध्याकाळी, सगळं झाल्यावर, तोंड धुवायला आरशासमोर उभा राहिलो तेव्हा कॉलरला तो दिसला. दिवसभर माझ्या गळ्याशी होता. लोक येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले, पण कोणाला दिसला नाही. लाँड्रीत एखाद्याच्या कॉलरला चिमटा असला तर त्याचं कोणाला काय.

चौकशीत मी म्हणालो, त्या दुपारी मी आत गेलोच नव्हतो. तू टेप मागितलीस तेव्हा ती माझ्या कोटाच्या खिशात होती. पुढे मी ती खेळांच्या कॅसेटींच्या खोक्यात सरकवली. शेड सोडताना ते खोकं कोण घेऊन गेलं ते बघितलं नाही. बघायचं नव्हतं.

तर असा माझा नाद. खेळ कसले जमवतो मी! सतरा वर्षं ही एकच कॅसेट शोधत होतो. आधी कोणाच्या हाती लागू नये म्हणून. नंतर नंतर, तुझी वहिनी गेल्यावर, तेवढ्यापुरतं नसावं. मला तिची पावलं ऐकायची होती.

तुला ठाऊक होतं का रे? चौकशीच्या खोलीत तू माझ्याकडे बघत होतास तेव्हा? मी खाली बघत होतो. माझा पाय टेबलाखाली ठेका धरत होता आणि थांबत नव्हता.

कंपनीत दर नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात तुझी गोष्ट सांगतात. नाव घेत नाहीत. 'धाकट्या भागीदारांनी पंखा बंद ठेवला, ठपका आला, निघून गेले,' असं म्हणतात. हजारो लोकांनी ऐकली असेल. अठरा तारखेला नवी इमारत उघडणार आहे, खाली जुन्या दिवसांचं दालन, माझे खेळ तिथे मांडणार, मी बोलायचं असं ठरलं आहे. मी बोलेन.

चिमटा सोबत पाठवतो आहे. रंग उडाला आहे. स्प्रिंग अजून घट्ट आहे, बोट सांभाळ.

दादा


२० मार्च

धाकट्या,

झालं.

कार्यक्रम बघणाऱ्या बाई फार गोड. "सर, दहाच मिनिटं हं, मग खाणं आहे." मी म्हटलं, बाई, कॅसेट चढायलाच चार लागतात.

सगळे कुतूहलाने बसले होते. मोठ्या पडद्यावर तुझा ठेंगणा आला तेव्हा टाळ्या पडल्या. मी टेप पुढे सरकवून बारा चाळीसला आणली. म्हटलं, या ज्योतीकडे बघा, ही एका माणसाची चाल आहे. मग थरकापाचा डबा मंचाच्या फळ्यांवर ठेवायला लावला, 'नवी वाट' घेतली, काठी खुर्चीला टेकवली आणि मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे मी. डावा गुडघा वाकत नाही. मनात ठरवलं होतं की ओळ म्हणायची नाही, पायांवर सोडायचं. पायांनी ती म्हटली.

ज्योत तशीच हलली. हुबेहूब तशीच. म्हातारपणाने एवढाही फरक पडू दिला नव्हता.

कोणाला काही कळलं नाही. एक-दोघं हसले. बाई घड्याळ बघत होत्या. आणि मग मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. लेथवाले काका. नव्वदी उलटली आहे, नात धरून घेऊन आली होती. काका उभे राहिले, नातीचा हात झटकला आणि पडद्याकडे बोट करून एवढंच म्हणाले,

"साप."

मग माझ्याकडे वळले. "थोरले साहेब, तुम्ही होता?"

"मीच होतो, काका."

"आणि धाकट्याला जाऊ दिलंत?"

"जाऊ दिलं."

काका खाली बसले. मी पडद्यावर 'जुनी वाट' परत लावायला सांगितली, दोन दहाच्या पुढून, आणि बाकीचं सगळं सांगितलं, चिमट्यासकट. कागदावर लिहून सही करूनच नेलं होतं, ते कंपनीच्या वकिलांकडे दिलं. तुझी ती गोष्ट यापुढे सांगायची नाही, माझी सांगायची, हे लेखी घेतलं. खाण्याला कोणी थांबलं नाही. बाईंनी मला गाडीपर्यंत सोडलं. वाटेत एकदम म्हणाल्या, "सर, टेप पुढे चालू राहिली होती. तुम्ही बोलत होता तेव्हा."

मी विचारलं, पुढे काय दिसलं?

"ज्योत खूप वेळ नुसती सरळ. मग कोणीतरी धावत आलं. इतकं जोरात, की कंदील विझला."

ते मी आजवर पाहिलं नव्हतं, धाकट्या. दोन मार्चला तिथवर पोचण्याआधीच बंद केलं होतं. घरी आल्यावर पाहिलं. लाल चिमटा नाही, पंखा बंद, काही न विचारता तू आत घुसलास आणि तिला ओढत बाहेर आणलंस. कंदील विझल्यावर टेप नुसती कानाने ऐकली, एका माणसाचीच पावलं आहेत, जड होत गेलेली. मी दाराशी उभा होतो. माझी नोंदच नाही.

दादा


११ एप्रिल

धाकट्या,

तुझं पाकीट आज आलं. पोस्टमनने सही मागितली, मी ती दुसऱ्याच कोणाच्या नावापुढे केली, तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, वाईट बातमी आहे का?" म्हटलं, उघडल्याशिवाय कसं सांगू.

आत एक लहानसा कागद. त्याला लाल चिमटा लावलेला. कागदावर तीन शब्द, ना मायना, ना सही.

पंखा चालू ठेव.

हेच तू त्या दिवशी जेवायला निघताना दारातून ओरडून गेला होतास. ते कोणाला ठाऊक नाही, चौकशीतही निघालं नव्हतं. मी "हो हो" म्हटलं होतं.

तू रागाने लिहिलंस की मायेने, ते मी तासभर कागद उलटसुलट करून शोधत होतो. मग ते सोडून दिलं आणि उठून पंखा लावला. छतावरचा हा पंखा बरीच वर्षं कुरकुरतो, म्हणून मी तो बंदच ठेवत आलो आहे. घरात कशी शांतता असायची! एखाद्या डब्यासारखी. इतकी वर्षं मी त्या शांततेत बसून श्वास घेतला, हेच नवल.

'नवी वाट' लावली आहे. ज्योत बारीक थरथरते आहे, त्या दिवशी बारापासून बारा चाळीसपर्यंत थरथरत होती तशी. माणूस दोन पावलं चालतो आणि थांबतो. गुण काही मिळत नाहीत.

गेल्या महिन्याभरात ती टकटक आणखी चारदा झाली. नेहमी दुपारीच. जिना नेहमी रिकामा. आता पंख्याच्या थरथरीत ती उठून दिसायची नाही. ती आली, किंवा तू आलास, तर मला पडद्यावर कळणार नाही.

म्हणून दार उघडंच ठेवलं आहे. लाल चिमटा आतल्या खिळ्याला लावला आहे, बाहेर नाही.

दादा